दाभेमाळ, लोकसंख्या एक

“गुरुजी, मला कुटं मोजणार?”

मी शाळेच्या ओट्यावर गणनेचा नकाशा पसरून बसलो होतो. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते, कारण धरणाच्या पाण्यावरून येणारा वारा कागद म्हणून जागेवर राहू देत नसे. मान वर केली तर समोर बायजाकाकी. कमरेवर पुतण्याच्या घरच्या धुण्याचं पिळे घातलेलं ओझं, लुगड्याचा काठ भिजलेला.

“कुठं म्हणजे? बबनकडं आहात ना सध्या? मग इथंच, पाथरवाडीत.”

“ते मला ठावं हुतं,” ती म्हणाली. धुणं खाली ठेवून माझ्यासमोर बसली. “म्हणून तर आलीय.”

ही एक्क्याण्णवच्या जनगणनेची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो, मूळचा बार्शीकडचा, आणि नोकरीनं मला उचलून पाथरवाडीच्या एकशिक्षकी शाळेत आणून टाकलं होतं. आमचा तालुका नकाशात उघड्या पंजासारखा दिसायचा. बोटं म्हणजे डोंगराच्या सोंडा आणि बेचक्यांत धरणाचं पाणी. सोंडांवर कुठं दहा, कुठं तीस घरांच्या वाड्या. गावं एकशे अठरा, त्यांतली नऊ बेचिराख. म्हणजे दप्तरात नाव आहे, हद्द आहे, हेक्टरात क्षेत्र आहे, पण राहायला माणूस नाही. चौथीच्या पोरांकडून मी हे सगळं पाठ करून घ्यायचो. मला स्वतःला मात्र त्या तालुक्याची एकच गोष्ट पाठ होती, ती म्हणजे लाँचची वेळ. सोमवार आणि गुरुवार. सकाळी तालुक्याच्या धक्क्यावरून निघायची, नऊला पाथरवाडीला टेकायची, मग शेवटचा थांबा दाभेमाळ. तिथून वळून अकराला पुन्हा पाथरवाडी आणि खाली. रस्ता नव्हताच. उरलेले पाच दिवस माणसानं पाण्याकडं बघत बसायचं. लग्नाला आठ महिने झाले होते आणि बायको, उज्ज्वला, बार्शीला. संध्याकाळी पोरं घरी गेली की मी उगाच फळ्यावर काहीतरी लिहायचो आणि पुसायचो, कारण खडूचा आवाज तरी व्हायचा. वेड लागायचं बाकी होतं.

बायजाकाकी उतेकर त्या शेवटच्या थांब्यावरची. धरण भरलं तेव्हा दाभेमाळची भातखाचरं पाण्याखाली गेली. माणसं खाली सपाटीला पुनर्वसनात गेली, काही मुंबईला गेली. काकी तेवढी मागं राहिली. अकरा वर्षं त्या गावात ती एकटी होती. साठी उलटलेली, अंगानं काटक, जिभेला हाड नाही. पुतण्याची बायको बाळंत व्हायची होती म्हणून ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला खाली आली होती.

“हे बघा काकी,” मी समजावलं, “गणना नऊ तारखेपासून अठ्ठावीसपर्यंत. माणूस या दिवसांत जिथं राहतो तिथं मोजायचा. तुम्ही पाथरवाडीत राहताय.”

“आन् अट्ठावीसला वर गेले तर?”

म्हातारी नियमाच्या बरोबर शिवणीवर बोट ठेवत होती. गणनेच्या दिवसांत एक दिवस जरी माणूस आपल्या घरी असला तरी तो त्याच घरी मोजायचा, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं होतं.

“सत्तावीसला बारसं हाय,” ती म्हणाली. “अट्ठावीसला गुरुवार, लाँच हाय. त्याच दिशी होळी. गावची होळी मलाच पेटवाय लागती. दुसरं हाय कोण? तवा मी जाणार म्हंजे जाणार. तुमी बी संगं चला. घर बगा, दारावर गेरूनं नंबर घाला, आन् मला तितं लिवा.”

“पण एवढं काय अडलंय? इथं लिहिलं काय, तिथं लिहिलं काय, माणूस एकच.”

“अडलंय तर,” ती म्हणाली. “लाँचवाल्या सोपाननं सांगितलंय मला. कागदावर एक माणूस हाय तंवर लाँच दाभेमाळला टेकणार. एक बी न्हाय म्हटलं की थांबा बंद. मग मीठ-मिरची, रॉकेल, रेशन कुटनं नेऊ? रानातनं चार तासाची वाट, त्यात गवे आन् अस्वलं. थांबा गेला की मला खाली यावं लागंल, बबनच्यात.”

“मग या की. बबन काय वाईट आहे का?”

“वाईट न्हाय. त्याची बायकू बी गुणाची हाय.” ती धुण्याच्या पिळ्यावरून हात फिरवत राहिली. “गुरुजी, मी एकुणिसाव्या वर्षी रांडमुंड झाले. मूल न्हाय, बाळ न्हाय. तीस वर्सं दीर-जावांच्या चुलीम्होरं काढली. ऊठ म्हटलं का उठायचं, बस म्हटलं का बसायचं. भाकरी सगळ्यांची झाल्यावर. कुणी मारलं न्हाय, कुणी उपाशी ठेवलं न्हाय, पर माझं म्हणून काय न्हाय. मग पाणी चढलं आन् समदी गेली. जाऊ म्हणाली चल. मी म्हटलं, व्हा तुमी म्होरं. पैल्या सांजंला मी चूल पेटवली आन् मला कळंना, भाकऱ्या किती थापू. एकच थापली. आयुष्यात पैल्यांदा तव्यावरची गरम खाल्ली. तवापासून मी काय खाली गेले न्हाय.”

मी एकटा होतो आणि त्यानं पोखरला जात होतो, आणि ही बाई एकटेपण मागायला माझ्या दारात आली होती.

“मोजणी गुप्त असते, काकी,” मी शेवटी म्हणालो. “कुणाचं नाव बाहेर जात नाही.”

“नाव न्हाय जात. गावाचा आकडा जातो का न्हाय?” ती हसली. “आमच्या गावाचा आकडा म्हंजे मीच की.”

मी तिला सांगितलं, येतो गुरुवारी. मनापासून सांगितलं होतं.

सोमवारी लाँचनं पर्यवेक्षक आले. हिंगमिरे साहेब. सकाळी नऊला उतरले, अकराच्या लाँचनं परत जायचे. दोन तासांत त्यांनी माझे तक्ते पाहिले, दोन कप चहा घेतला, आणि पायताणाला माती न लागू देता पाच वाड्यांची तपासणी उरकली. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा. दाभेमाळचं नाव निघालं तसा त्यांचा चेहरा आंबट झाला.

“ढोबळे, डोकं आहे का ठिकाणावर? एका म्हातारीसाठी स्वतंत्र गाव दाखवणार? म्हणजे वेगळा नकाशा, वेगळा गोषवारा, वेगळं पाकीट. आणि वस्ती दाखवली की मला जातीनं येऊन घर बघावं लागेल. तो डोंगर चढायचा दीड तास. गुरुवारी चढलो तर परतीची लाँच चुकते. मग सोमवारपर्यंत तिथं काय माशा मारायच्या?”

“पण साहेब, ती तिथंच राहते.”

“आज कुठं आहे?”

“पुतण्याकडं.”

“मग झालं. पुतण्याच्या घरात सात माणसं, ही आठवी. दाभेमाळपुढं लिहायचं बेचिराख. एक शब्द. संपलं.” मग आवाज उतरवून म्हणाले, “होळीला घरी जायचं म्हणत होतास ना? लग्नानंतरची पहिली होळी. हे असं केलंस तर गुरुवारी अकराच्या लाँचनं कागद घेऊन ये, मी सही करतो, चार दिवस मोकळा. नाहीतर मग आहेच, तू आणि मी दाभेमाळवर.”

पडत्या फळाची आज्ञा. दुसऱ्याला दोष देत नाही. उज्ज्वलाचं पत्र उशाखाली होतं, त्यात तिनं पुरणपोळीचं विचारलं होतं, कटाची आमटी तिखट करू का बेताची. ते वाचून वाचून घडीवर फाटलं होतं. साहेब गेल्यावर मी बबनच्या घराचा तक्ता काढला आणि आठवी ओळ भरली. बायजा, चुलती, वय बासष्ट, विधवा, निरक्षर. मग दाभेमाळसमोर तो एक शब्द लिहिला. शाई वाळायलाही वेळ लागला नाही.

गुरुवारी सकाळी काकी धक्क्यावर हजर. डोक्यावर पोतं, हातात नव्या केरसुणीची जुडी, होळीसाठी नारळ. मी माझी पिशवी घेऊन उभा होतो, पण खाली जाणाऱ्या लाँचसाठी. तिनं पिशवीकडं पाहिलं.

“येत न्हाय व्हय?”

“नाही जमणार, काकी. साहेबांनी कागद मागितलेत.”

“मग माझं?”

“लिहिलंय की. वरच लिहिलंय.”

हे मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

“वाचून दावा.”

“कागद बंद केलेत. पण पाठ आहे माझं. दाभेमाळ. घरं एक. कुटुंब एक. पुरुष शून्य. स्त्रिया एक. एकूण लोकसंख्या एक.”

“परत म्हणा.”

मी परत म्हटलं. वर्गात पाढे म्हणावेत तसं. ती मान डोलावत ऐकत होती, आणि संपल्यावर खुदकन हसली. “पुरुष शून्य,” म्हणाली. “ते ब्येस झालं.” मग लाँच आली. सोपाननं तिचं पोतं आत घेतलं, ती चढली. लाँच वळेपर्यंत ती माझ्याकडं बघून हात करत होती. दोन तासांनी तीच लाँच परत आली तेव्हा मी चढलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बार्शीला घरी पुरणपोळी खाल्ली. आमटी तिखट होती. मला ती फार आवडली, हेही सांगायलाच हवं.

दोन वर्षं काही झालं नाही. काकी महिन्यातून एकदा लाँचनं खाली यायची, रेशन घ्यायची, शाळेत डोकावून “काय म्हणतंय तुमचं गणित?” विचारायची, आणि मी घाईनं फळ्याकडं वळायचो. मग तेही थांबलं. माणसाला कशाचीही सवय होते.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत तालुक्यात नवे आकडे लागले आणि त्या पाठोपाठ लाँचचं नवं वेळापत्रक. खर्च कमी करायचा म्हणून लोकसंख्या नसलेले थांबे रद्द. आमच्या बाजूचा एकच थांबा गेला. सोपाननं दोन खेपा गुपचूप लाँच टेकवली, तर त्याला लेखी ताकीद आली.

आठवड्यानं काकी शाळेत आली. रानातून चालत आली होती. पायाला काटे, कपाळाला ओरखडा, पण डोळ्यांत भीती नव्हती. उलट तिला खात्री होती.

“सरकारनं घोळ घातला गुरुजी. माझा कागद गाळला कुणीतरी. तुमी लिवला हुता ना? मग चला तालुक्याला. तुमी सांगितलं की संपलं.”

“काकी, माझं कोण ऐकतंय तिथं?”

“का न्हाय ऐकणार? मोजलं कुणी? तुमीच ना?”

मी गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं म्हणून गेलो. लाँचमध्ये ती सगळ्यांना सांगत होती, गुरुजी माझे साक्षीदार हायेत. मी पाण्याकडं बघत होतो. खरं म्हणजे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण त्याच महिन्यात माझी सोलापूर जिल्ह्यात बदली मंजूर झाली होती, मे महिन्यात हुकूम निघणार होता, आणि उज्ज्वलाला पाचवा महिना होता. मी मनात म्हणत होतो, कारकून काहीतरी उडवाउडवी करेल, सहा महिन्यांनी या म्हणेल, आणि आपण सुटू.

कारकुनानं उडवाउडवी केली नाही. नशीब बघा, नेमका भला माणूस निघाला. चष्मा पुसून त्यानं जाडजूड वही काढली, बोटानं ओळ शोधली आणि आमच्याकडं फिरवली. दाभेमाळ. क्षेत्र चारशे बारा हेक्टर. पुढचे सगळे रकाने मोकळे, आणि शेवटी माझ्याच मूळ कागदावरून उतरलेला तो शब्द.

“ही तर तिथं राहते म्हणते,” कारकून म्हणाला.

“अकरा वर्सं. आता तेरा,” काकी म्हणाली. “हे गुरुजी सांगतील. ह्यांनीच मला मोजली.”

कारकुनानं मला बाजूला घेतलं नाही. तिथंच, तिच्यादेखत, सरळ विचारलं. “गुरुजी, चूक झाली असेल तर लिहून द्या. गणना चुकीची झाली, बाई गावातच राहत होती, एवढ्या दोन ओळी. आमचे साहेब सज्जन आहेत, थांबा पुन्हा सुरू करतील. तुमची चौकशी लागेल, खोटं बोलत नाही. वर्षभर कुठं हलता येणार नाही. पण हिचं काम होईल.” आणि कागद माझ्यापुढं सरकवला. वर पेन ठेवलं.

काकी माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. चौथीतल्या पोराला उत्तर येतंय आणि मास्तरानं त्यालाच उठवलंय, तशी ती बसली होती.

मी पेन उचललं. उचललं, हे खरं. मग मला आमचं घर दिसलं, उज्ज्वला दिसली, आणि पाथरवाडीचा तो ओटा दिसला, वर्षभर आणखी. एकट्यानं. मी पेन खाली ठेवलं.

“चूक नाही झालेली,” मी म्हणालो. “गणनेच्या दिवसांत बाई पाथरवाडीत पुतण्याच्या घरी होती. मी तिला तिथंच मोजली. नियमाप्रमाणे.”

माझा आवाज शांत होता. वर्गात सांगावं तसा. कारकुनानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, मग वही मिटली. “मग आमच्या हातात काही नाही, बाई,” म्हणाला.

मला वाटलं ती भांडेल. चार लोकांत माझी अब्रू काढेल, लबाड म्हणेल, तळतळाट देईल. तिची जीभ मला ठाऊक होती आणि तो मार खायला मी तयार होतो. खरं तर मला तो हवाच होता. पण ती नुसती उठली, पदर सारखा केला, कारकुनाला हात जोडले आणि बाहेर पडली. मीही तिच्यामागं निघालो.

परतीची लाँच खास होती, वनखात्याच्या कुणा पाहुण्यांना पार टोकाहून आणायला वर निघालेली, म्हणून दुपारची. आत आम्ही दोघं आणि सोपान. ती एका बाकावर बसली, मी समोरच्या. तास-सव्वा तास. मधे एकदा मी म्हणालो, “काकी, माझी बदली अडली असती.” ती म्हणाली, “व्हय.” तेवढंच. राग नाही, टोमणा नाही. हवा कशी आहे विचारावं आणि कुणी व्हय म्हणावं, तसं. बोलण्यासारखं जे होतं ते मी कचेरीत बोलून आलो होतो.

पाथरवाडीचा धक्का आला. सोपाननं इंजिन हळू केलं. त्याला काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं, पण तो आमची तोंडं बघून समजला असावा.

“काकी, बसून राव्हा,” तो म्हणाला. “मी वरच चाललोय. दाभेमाळला सोडतो तुमास्नी. आज कोण बघाय न्हाय. आन् दर गुरुवारी बी सोडीन, बघू कोण काय करतंय. ताकीद आली तर येऊ दे.”

ती उभी राहिली. तिनं वरच्या अंगाला, सोंडेच्या टोकाकडं पाहिलं. तिथून डोंगरावरचं गाव दिसत नव्हतं, नुसती झाडी दिसत होती. मग ती माझ्या बाजूनं, माझा हात न धरता, फळीवरून धक्क्यावर उतरली.

“नगं, बाबा,” ती सोपानला म्हणाली. “कशाला तेल जाळतूस? तितं कोण राहतंय?”

आणि ती बबनच्या घराकडं चालू लागली.